थांब, गिळूंदे

तळ्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी परुळेकरांच्या घरी बांगड्यांची वाटणी होते. लेस्टरच्या मार्केटातून आणलेले आठ बांगडे ओट्यावर ओळीनं मांडले जातात, आणि त्यातले कुठले माणसांचे आणि कुठले तळ्यातल्या पाइक माशांचे, हे अनुराधाबाई ठरवतात.

"हे मोठे चार माझे. ती बारकी न्या आणि घाला तुमच्या त्या पाइकाच्या नरड्यात," त्या म्हणतात. "आचऱ्यात कोणी बघल्यान तर म्हणतले, परुळेकराच्या झिलाक याड लागला. बांगडो म्हावऱ्याक खाऊक घालता!"

"अगे, तो तरी काय खातलो? त्यालाही चव आहे."

"चव आसा तर मसालो लावून देतंय."

डॉक्टर पद्माकर परुळेकर हसतात, बारके चार बांगडे प्लॅस्टिकच्या डब्यात घालतात आणि डबा फ्रीजमध्ये ठेवतात. अकरा वर्षं हे चाललंय. सत्तेचाळीस वर्षं इंग्लंडात काढून नवरा-बायको चिडल्यावर आणि लाडात आल्यावर मालवणीवर येतात, एरवी पुस्तकी बोलतात.

डॉक्टर भूल देणारे. एकोणऐंशी साली सव्विसाव्या वर्षी आले. कन्सल्टंट होणार होते. पुढच्या वर्षी जागा निघेल, त्याच्या पुढच्या वर्षी नक्की, असं करत तेहतीस वर्षं कन्सल्टंटच्या हाताखाली, स्टाफ ग्रेडवर राहिले. ज्यांना त्यांनी घशात नळी घालायला शिकवलं ती पोरं कन्सल्टंट होऊन त्यांच्या सुट्ट्या मंजूर करू लागली. तक्रार त्यांनी कधी केली नाही. थांबणं हा त्यांचा धंदाच होता. कापणारा कापतो, शिवणारा शिवतो, भूल देणारा उशाशी स्टुलावर बसून श्वास मोजतो. असा माणूस घरीसुद्धा तसाच वागतो. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: थांब जरा, बघू.

शहराबाहेर वीस मिनिटांवर हॅझलडेन पिट नावाचं तळं आहे. पूर्वी तिथून खडी काढायचे. खडी संपली, खड्डा राहिला, त्यात पाणी भरलं, काठाला पाण्यात वेतासारखं उंच गवत आणि विलोची झाडं माजली. डॉक्टर बासष्टाव्या वर्षी रिटायर होऊन पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा हातात एक जुनाट फायबरची काठी होती आणि ती कशी धरायची हे ठाऊक नव्हतं. काठावर पाण्याच्या टाकीएवढा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, "एय अप, मी डक. ती काठी उलटी धरलीस."

हा डेरेक. पंचवीस वर्षं बस चालवली, आता तळ्याची राखण करतो. लेस्टरकडे बाईपुरुष सगळ्यांनाच लाडानं मी डक, म्हणजे माझ्या बदका, म्हणतात, पण डॉक्टरांना आयुष्यात कोणी बदक म्हटलं नव्हतं. ते त्यांनी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

डेरेकनंच पाइक शिकवला. बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आत मागे वळलेले सुयांसारखे दात, हिरव्या अंगावर पिवळसर ठिपके, वेतात लाकडासारखा निश्चल उभा राहणारा आणि मग गोळीसारखा सुटणारा मासा. दिसायला दरोडेखोर आणि जिवाला फार नाजूक. इथं तो कोणी खात नाही. धरायचा, गळ काढायचा, मिनिटाभरात परत सोडायचा. आणि सगळ्यात मोठा नियम डेरेकनं पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगितला: फ्लोट, म्हणजे दोरीवरचं तरंगतं बोंड, हलला की ताबडतोब ओढ. दोन श्वास जरी थांबलास तरी तो आमिष पोटात घेतो, गळ आतड्यात बसतो आणि मग सोडलास तरी चार दिवसांनी मरतो.

डॉक्टरांना हे अवघड गेलं. त्यांचे वडील आचऱ्याच्या खाडीवर संध्याकाळी गरी टाकून बसायचे, आणि तिथला नियम नेमका उलटा. तांबोशी लागली की वडील त्यांचा हात दाबून धरायचे: रव, गिळूंदे. गिळल्याशिवाय वडू नको, सुटात. तो मासा घरी न्यायचा असायचा, कालवणाचा असायचा. त्याच्या आतड्याची काळजी करायचं काय कारण? पण डॉक्टर शिकले. एका हिवाळ्यात शिकले. नुसते शिकले नाहीत, तळ्यावर त्यांचं नाव झालं. नर्सेसनी रिटायरमेंटला घासूनपुसून एक वाकडा लांब चिमटा दिला होता, घशातली नळी जागेवर बसवायचा. कुणाच्या पाइकनं गळ खोल घेतला की हाका मारत यायचे, डॉकला बोलवा. डॉक गुडघ्यावर बसायचे, कल्ल्याच्या फटीतून चिमटा घालायचे आणि न बघता गळ काढून हातात द्यायचे. कन्सल्टंटनासुद्धा कधी एवढा मान मिळाला नसेल.

ती जुनाट काठी मात्र त्यांची नव्हती. स्वानंदची होती.

स्वानंद त्यांचा एकुलता मुलगा, इंग्लंडात वाढलेला, मराठी बोलताना लिंगांचा घोळ घालणारा. अकराव्या वर्षी त्यानं जुन्या सामानाच्या कार-बूट सेलमधून, साठवलेल्या पैशांनी ती आणली. शनिवारी तळ्यावर जाऊ, असं बाबा म्हणाले. त्या शनिवारी इमर्जन्सी निघाली, पुढच्या शनिवारी बाबा झोपून राहिले, त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस. तीन वर्षं पुढचा शनिवार आला नाही. पोरगं एकटं बसनं कालव्यावर जायला लागलं. काठी पुढे गॅरेजमध्ये, पत्र्याच्या कपाटामागे गेली. हे झालं ते झालं, असे बाप पुष्कळ असतात. खरी गोष्ट पुढची आहे.

अठराव्या वर्षी स्वानंदनं कुणाला न विचारता हॅम्पशायरच्या एका कॉलेजला अर्ज केला. तळी, नद्या, मासे यांची निगा राखायचा कोर्स. मे महिन्यात पत्र आलं. स्वानंद परीक्षेला गेला होता. डॉक्टरांनी उघडलं. तुम्हाला जागा देण्यात आनंद होत आहे, एकतीस मेपर्यंत होकार कळवावा. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. फाडलं नाही. लपवलं, असंही त्यांना वाटलं नाही. इतकंच वाटलं की परीक्षा चालू आहे, पोराचं डोकं आत्ता फिरवायला नको, थांबू थोडं. ते इन्कम टॅक्सच्या फायलीत ठेवलं. मग एकतीस मे गेला.

स्वानंदनं जूनभर रोज दाराच्या फटीतून पडलेलं टपाल चाळलं. फोन करायची लाज वाटली असावी. मग एक दिवस म्हणाला, "दे डिडन्ट वॉन्ट मी," आणि कॉम्प्युटर सायन्सला गेला. आता क्रॉयडनला व्हिसाच्या कचेरीत आहे. सिस्टम्स बघतो. वाईट काही झालं नाही. मंजिरीसारखी बायको मिळाली, दिया नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. वाईट काही झालं नाही, हेच डॉक्टर स्वतःला चोवीस वर्षं सांगत आले.

अनुराधाबाईंना ते पत्र नऊ वर्षांपूर्वी फाइल साफ करताना सापडलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या तुमी सांगूचा. मी सांगूचंय नाय. आणि मराच्या आधी सांगा."

या जानेवारीत स्वानंदनं फोनवर सांगितलं की मंजिरीला कॅनडात नोकरी मिळाली, विनिपेगला. फेब्रुवारीअखेर निघतोय. त्याच्या आठवडाभर आधी एक वीकेंड तो एकटा लेस्टरला येणार होता.

"बाबा, शनिवारी तळ्यावर जाऊ या?" त्यानंच विचारलं. "तिकडे पण पाइक असतात. मला शिकवा तुम्ही."

फोन ठेवल्यावर अनुराधाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या शुक्रवारी बांगड्यांची वाटणीही केली नाही. आठही त्यांनी ओट्यावर तसेच सोडले आणि म्हणाल्या, "न्या सगळे. पण काम करून येवा."

शनिवारची हवा म्हणजे लहान मुलाचा मूड होता. घरून निघताना ऊन, रिंग रोडला येईपर्यंत काळोखी, गाडी लावली तर गारा. रविवारी वादळ येणार होतं, तसं तीन दिवस टीव्हीवर घोकणं चाललं होतं. वारा दक्षिण-पश्चिमेकडून येऊन तळ्याच्या पाण्याला खरवडत होता. डेरेकनं फाटकापाशी आकाशाकडे बोट केलं. "हवेचा दाब पडतोय, डॉक. आज खातील ते." मग स्वानंदला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "हा तुझा मुलगा? देखणा आहे की. आईवर गेला."

स्वानंद हसला. वडिलांनी पिशवीतून काठी काढली तशी त्याचं हसू थांबलं.

"बाबा, हा माझी रॉड आहे."

"तुझीच."

"यू केप्ट इट?"

"नुसती ठेवली नाही, वापरतो. बासष्टाव्या वर्षी हिच्यावर शिकलो. मूठ मात्र नवी बसवली, तुझी कुजली होती."

स्वानंदनं काठी हातात घेतली, हलवून बघितली. मुठीच्या वर त्यानं अकराव्या वर्षी पेनानं कोरलेलं नाव होतं, वाचता येण्याजोगं. त्यावर अंगठा ठेवून तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही चॅरिटी शॉपला दिला असणार."

"आज तूच धर. मी दुसरी घेतो."

बांगड्याचे अर्धे तुकडे लावले. दातांनी दोरी तुटू नये म्हणून पुढे पोलादी तार, तारेला तीन काट्यांचे गळ. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं आणि का कुणास ठाऊक, फ्लोट हलला तर काय करायचं हे सांगायचं राहिलं. नंतर त्यांनी ते किती वेळा आठवून बघितलं. स्वानंदचा फ्लोट वेताच्या कडेला पडला. दोघं दोन घडीच्या खुर्च्यांवर बसले. ऊन आलं. मग पाऊस आला, छत्री उघडली, पाऊस गेला. अनुराधाबाईंनी घावणे आणि चटणी दिली होती ती खाल्ली.

"आई अजून पण एवढा तिखट करते?"

"माझं पोट बिघडलं तेव्हा कमी करणार होती. मग मी बरा झालो."

डॉक्टर वाक्य जुळवत होते. इंग्रजीत सोपं पडलं असतं, पण ते खोटं वाटत होतं. मराठीत एकच वाक्य होतं: कॉलेजनं तुला घेतलं होतं. चार शब्द. आठ वर्षांच्या मुलालासुद्धा म्हणता येतील. पण प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं. छत्री उडायची, चहा सांडायचा, किंवा पोरगं इतकं निवांत बसलेलं दिसायचं की त्या निवांतपणाला हात लावायचा धीर व्हायचा नाही.

अकराच्या सुमारास स्वानंद आपणहून म्हणाला, "आठवतं तुम्हाला? ते हॅम्पशायरचा कॉलेज. हेच शिकवायचे तिकडे."

"आठवतं."

"त्यांनी उत्तर पण नाही दिला. ॲट लीस्ट एक रिजेक्शन लेटर पाठवायचा ना? मी पूर्ण जून डोअरमॅटजवळ बसून होतो." तो हे हसत सांगत होता. जुन्या गंमतीसारखं. "मी विचार करायचो, माझा अर्ज एवढा वाईट होता की त्यांना लाज वाटली असणार."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "स्वानंद," ते म्हणाले, "त्या कॉलेजचं..."

आणि फ्लोट बुडाला.

बुडाला, वर आला, आडवा होऊन वेताकडे सरकू लागला. सावकाश, कुणीतरी बोट धरून नेल्यासारखा. स्वानंद उठला, त्याचा हात रिळाकडे गेला. डेरेक शेजारी असता तर डॉक्टर इंग्रजीत ओरडले असते, ओढ, आत्ता ओढ. अकरा वर्षांत किती जणांवर ओरडले होते. पण शेजारी स्वतःचा मुलगा होता, जिभेवर अर्धं वाक्य अडकलेलं होतं, आणि तोंडातून जे निघालं ते आचऱ्याच्या खाडीवरचं होतं.

"थांब!" त्यांनी त्याचा हात धरला. "रव जरा. गिळूंदे."

स्वानंद थांबला. बापानं सांगितलं म्हणून थांबला. फ्लोट वेतात शिरला. एक श्वास. दोन. तीन. डॉक्टरांची बोटं मुलाच्या मनगटावर होती आणि नाडी लागत होती, जलद.

"आता वड."

काठी वाकली. पुढची दहा मिनिटं दोघांनाही काही आठवलं नाही. मासा तळाशी गेला, उसळला, शेपटीनं पाणी फोडलं. परत गारा आल्या आणि टोपीवर ताशा वाजवून गेल्या. डेरेक पलीकडच्या काठावरून धावत आला तोवर मासा जाळ्यात होता. वेळ न घालवता त्यानं ओल्या गादीवर तो आडवा केला आणि शिट्टी घातली. "ही तर म्हातारी! बावीस पौंडांच्या खाली नाही. डॉक, ही तुला चार वर्षं गुंगारा देत होती ना?"

डॉक्टर जबड्यात बघत होते. तार सरळ घशात गेली होती. गळ दिसत नव्हता.

डेरेकनंही बघितलं. मग डॉक्टरांकडे बघितलं. "उशीर केलास," तो म्हणाला. एवढंच.

डॉक्टर गुडघ्यावर बसले, चिमटा काढला. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. कपबशीला कळतं, बायकोला कळतं, तळ्यावर कुणाला कळू दिलं नव्हतं. चिमट्याचं टोक कल्ल्यापाशी नेलं आणि ते पानासारखं हलायला लागलं. दोनदा प्रयत्न केला. स्वानंद बघत होता.

"बाबा, मला द्या."

"तुला येणार नाही."

"तुम्ही सांगा ना. मी करतो."

दिला. "इथून, कल्ल्याच्या फटीतून. त्या लाल झालरीला लावू नकोस. डोळ्यानं नाही, हातानं बघ. आता तार लागेल. लागली? तिच्या कडेनं खाली."

स्वानंदनं डोळे मिटले. हात एकदम शांत. डॉक्टरांनी तीन दशकं शिकाऊ डॉक्टरांचे हात बघितले होते. असे हात वर्षाला एखादे येतात. एक काटा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला वेळ लागला, आणि तो आला तेव्हा बरोबर थोडं रक्त आलं.

मग त्यानं तिला गार पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. ती कलंडायची, तो सावरायचा. पंधरा मिनिटं झाली, त्याची बोटं निळी पडली, बाप म्हणाला, मी धरतो, तर म्हणाला, नको. डॉक्टरांनी मनात ठरवलं, ही गेली की सांगतो. लगेच सांगतो.

शेपटी हलली. पुन्हा हलली. एका झटक्यात ती खाली निघून गेली आणि हातांच्या जागी नुसतं पाणी राहिलं.

स्वानंद वळला. एक्केचाळीस वर्षांचा, दाढी पांढरी व्हायला लागलेला माणूस, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि चेहरा अकरा वर्षांच्या पोराचा. "डिड यू सी दॅट? बाबा, बघितलं?"

"बघितलं."

आता त्या चेहऱ्यावर ते चार शब्द कसे टाकायचे? डॉक्टर मनाशी म्हणाले, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी अनुराधाबाईंनी तळ्यावरून परत आलेले बांगडे तळून वाढले आणि स्वानंदनं माशाची गोष्ट आईला तीनदा सांगितली. रविवारी सकाळी वादळामुळे गाड्या रद्द व्हायला लागल्या म्हणून तो घाईनं पहिल्या ट्रेननं गेला.

"सांगितलात?" दार लावून बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्या आत निघून गेल्या आणि भांडी जरा मोठ्यानं घासली.

गुरुवारी वादळ ओसरलं होतं. तळ्यावर मोडलेल्या फांद्या तरंगत होत्या. डेरेक वेताच्या कडेला उभा होता आणि त्याच्या पायाशी पोत्यावर ती होती. पोट पांढरं, वर. डोळे गेलेले.

"आज सकाळी सापडली," तो म्हणाला.

डॉक्टर तिच्याशेजारी बसले. सवयीनं हात लावून बघितला, नाडी बघावी तसा.

"मी म्हणणार नव्हतो, मी डक," डेरेक पाण्याकडे बघत म्हणाला, "पण तू? लोकांना तू शिकवतोस."

"माझे वडील बोलले," डॉक्टर म्हणाले. डेरेकला ते कळलं नाही. त्यानं फावडं आणलं आणि दोघांनी विलोखाली खड्डा केला. जमीन इतकी भिजली होती की कडा ढासळून परत आत येत होत्या.

पुढच्या रविवारी हीथ्रोला सहा मोठ्या बॅगा, दोन ट्रॉल्या, दिया एका ट्रॉलीवर बसलेली. अनुराधाबाईंनी कुळथाचं पीठ आणि तिरफळं कुठल्या बॅगेत घातलीत ते मंजिरीला तिसऱ्यांदा सांगितलं. बॅगा गेल्या. मग ती जागा आली जिथून पुढे फक्त जाणाऱ्यांनी जायचं असतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बापलेक बाजूला उभे राहिले, हातांचं काय करावं हे न कळून.

"ती कशी आहे?" स्वानंदनं विचारलं. "ओल्ड गर्ल. डेरेकला दिसली?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. वेतात हिंडते म्हणाले असते तर पोरगं समाधानानं विमानात बसलं असतं.

"मेली," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी. आम्ही पुरली."

स्वानंदचा चेहरा उतरला. "ओह. मीच... चिमटा नीट नाही घातला मी."

"नाही. तू नीट घातलास. तू वेळेवर ओढणार होतास, मी तुझा हात धरला. थांब म्हणालो. चूक माझी."

"इट्स ओके, बाबा." त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हसवायला म्हणाला, "बरं झालं ना मग, त्या कॉलेजने मला नाही घेतला. सगळे पाइक मारले असते मी."

मागे कुणाची तरी ट्रॉली डॉक्टरांच्या टाचेला लागली. सॉरी म्हणून तो माणूस पुढे गेला.

"त्यांनी घेतलं होतं तुला," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"पत्र आलं होतं. मे महिन्यात. मी उघडलं. म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग तारीख गेली."

स्वानंदनं हात खांद्यावरून काढला. काढून कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तसाच अधांतरी धरला. डॉक्टर बघत होते. आयुष्यभर त्यांनी माणसं बेशुद्ध होताना बघितली, हे उलटं होतं.

"आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता सांगता? इथे?"

"शनिवारी सांगणार होतो."

"ट्वेंटी-फोर इयर्स, बाबा."

"डॅडी, कम ऑन!" दिया ट्रॉलीवरून ओरडली. मंजिरीनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. स्वानंद वाकला नाही. आईला मिठी मारली, बॅग उचलली, आणि रांगेत शिरला. पट्ट्यांच्या वळणावर त्याचं तोंड एकदा इकडे झालं. तो बघत होता की नाही, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. चष्मा पुसला तोवर रांग पुढे गेली होती.

गाडीत अनुराधाबाई लूटनपर्यंत बाहेरच्या पाट्या वाचत होत्या. मग म्हणाल्या, "सांगितलात ता बरा केलात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण खंय सांगितलात!"

मार्च गेला. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, आईच्या फोनवर. बर्फ दिसायचं, दियाचे नवे बूट दिसायचे. शेवटी बाई फोन वळवायच्या.

"बाबा, बरे आहात?"

"बरा आहे."

"वेदर?"

"बदलतं. आत्ता ऊन, सकाळी पाऊस."

"ओके."

एवढंच. डॉक्टर गुरुवारी तळ्यावर जात, पण काठी टाकत नसत. डेरेकच्या शेजारी बसत. कुणाचा गळ अडकला तर चिमटा देत आणि कसा घालायचा ते तोंडानं सांगत. बांगडे आठही घरीच तळले जात होते. बाईंना त्याचाही आनंद नव्हता. एकदा म्हणाल्या, "न्या हो चार त्या पाइकांका. माका एवढे संपनत नाय."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी फोन वळला तेव्हा स्वानंदनं वेदर विचारलं नाही. त्याच्यामागे खिडकीत एक मोठं गोठलेलं पाणी दिसत होतं, कडेनं वितळायला लागलेलं.

"ते पत्र," तो म्हणाला. "अजून आहे?"

"आहे."

"फेकला नाही?"

"नाही."

"मला पाठवा. फोटो नको. ओरिजिनल."

"पाठवतो," डॉक्टर म्हणाले. अजून काही म्हणावं म्हणून ते शब्द शोधत होते, तोवर स्क्रीनवर दिया आली आणि तिनं दात पडलेली जागा दाखवली.

सोमवारी सकाळी बाई चहा ठेवायला उठल्या तर दार उघडं आणि कोट खुंटीवर नाही. डॉक्टर बंद पोस्ट ऑफिससमोर उभे होते. नऊला उघडायचं होतं, आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊस तिरका येत होता. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं, त्यावर हात दाबलेला. आतल्या बाईनं दारावरची पाटी फिरवण्याआधी काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली, पण दारासमोरून हलले नाहीत.